बर्डीचे जिने मोकळे करा

मुंबईच्या कमला मिलमधल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १४ जण गेले. बहुतेकांचा जीव धुराने घेतला. बाहेरची वाट सापडेना, म्हणून कित्येकजण स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच गुदमरले. महापालिका आयुक्तांनी चौकशी केली. पुढे माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो यांच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती ए. व्ही. सावंत यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चौकशी माणसे गेल्यावरच बसते. तरीही ती हवी, आणि तिचे निष्कर्ष साध्या मराठीत दुकानदारापर्यंत पोचायला हवेत.

कारण आपली नागपूरची बर्डी पाहा. सणासुदीच्या संध्याकाळी व्हेरायटी चौकातून मेन रोडला वळले की पाऊल टाकायला जागा नसते. अशा वेळी अग्निशमन दलाचा बंब आत शिरणार कुठून? जुन्या संकुलाच्या अरुंद जिन्यावर कपड्यांचे गठ्ठे, वळणावर विजेचे मीटर, वरच्या मजल्यावर शिकवणीची पोरे. हे चित्र आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की खटकतही नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. महापालिकेने ते प्रत्येक संकुलाच्या दारावर लावायला लावावे. आणि वाचकहो, पुढच्या खरेदीला दुकानदाराला एवढे जरूर विचारा : बाहेर पडायचा दुसरा जिना कुठे आहे, आणि त्याच्या दाराला कुलूप तर नाही ना?