जमिनीतील नत्राचे राखणदार

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असले, तरी पिकांस ते थेट वापरता येत नाही. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव ते बांधून पिकास देतात, हे हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी इ. स. १८८८ मध्ये दाखविले. भातखाचरांतील नील-हरित शैवलांचे असेच कार्य भारतात पी. के. डे यांनी १९३९ मध्ये प्रकाशात आणले. इतर जिवाणू पालापाचोळा कुजवून त्यातील नत्र मोकळे करतात. काही नत्र ते आपल्या देहात साठवितात व त्यांच्या मृत्यूनंतर ते पुन्हा पिकाच्या उपयोगी पडते.

युरियात ४६ टक्के नत्र असते, एवढ्याच हिशेबाने शेती करणे आम्हांस योग्य वाटत नाही. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने झिरपत विहिरींपर्यंत पोहोचते; काही वायुरूपाने उडून जाते. रासायनिक खत टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. एवढ्या लोकसंख्येस अन्न पुरवावयाचे तर ते हवेच. परंतु शेणखत व कडधान्यांचा फेरपालट यांवाचून दिलेले खत म्हणजे गळक्या रांजणात ओतलेले पाणी होय. सेंद्रिय द्रव्य हेच या जीवांपैकी बहुतेकांचे अन्न. त्यांस उपाशी ठेवून जमिनीकडून भरघोस पिकाची अपेक्षा करणे न्याय्य नव्हे.