समितीवर नाव लागलं, पुढे?

परवा एका वाचक भगिनीचं पत्र आलं. तिची दोन मुलं नगरपालिकेच्या शाळेत आहेत. पालकसभेत तिला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष निवडलंय. लिहिते, ‘ताई, मी नववीपर्यंत शिकलेली. सह्या करण्यापलीकडे मला काय जमणार?’

अगं, सह्यांपुरतीच हवी म्हणूनही तुला निवडलं असेल! पण 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात असं म्हटलंय, ते काही शोभेसाठी नव्हे.

अशा वेळी मला साताऱ्याच्या लक्ष्मीबाई पाटील आठवतात. कर्मवीर भाऊरावांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. भाऊराव मदतीसाठी गावोगाव हिंडायचे. पोरांचं जेवणखाण, दुखणंखुपणं लक्ष्मीबाई बघायच्या. सोवळंओवळं पाळणाऱ्या जैन घरातली ही बाई, पण तिथे पंगत एकच. धान्य संपलं की अंगावरचा एकेक दागिना जायचा. शेवटी मंगळसूत्रही गेलं. 1930 साली त्या वारल्या.

(दागिने विका असं मी सांगत नाहीये हं! वर्गणीसाठी कुणी फार गळ घातली तर सरळ नाही म्हण.)

पोरं उपाशी आहेत का, हे लक्ष्मीबाईंना दुसऱ्याला विचारावं लागत नव्हतं. वाढणारा हात त्यांचाच होता. तूही मीटिंगच्या दिवशी तासभर आधी जा. खिचडी शिजते तिथे उभी राहा, घासभर चाखून बघ. मुलींच्या स्वच्छतागृहात शीर. कडी लागते का? नळाला पाणी येतं का? मोठ्या मुली महिन्यातले तीन-चार दिवस शाळा बुडवतात, त्याचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं. मुख्याध्यापकांना त्या सांगायच्या नाहीत, तुला सांगतील. अस्वच्छता दिसली तर शिपाईमावशीवर ओरडू नकोस. तिला बादली, झाडू, फिनेल मिळतं का ते आधी विचार.

मग मीटिंगला बस. पाहिलेलं सगळं इतिवृत्तात लिहायला लाव, मोठ्यानं वाचून घे आणि मग सही कर. कोऱ्या पानावर मात्र, कुणी कितीही गोड बोललं तरी, सही नाही.

आणि हो, त्या दिवशी घरी यायला उशीर होणार. भाजी सकाळीच चिरून ठेव. नाहीतर ह्यांनाच सांग चिरायला! काय म्हणतात ते मला जरूर कळव.