केबल कापताय? आजीला विचारलंत?

‘केबल बंद करू, सगळं मोबाइलवरच तर बघतो!’ हा ठराव घरात आपणच मांडतो, आपणच पास करतो. मग जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन टाकायचं. हार्ड डिस्कवरचे सिनेमे, ताईच्या लग्नाचा व्हिडीओ घरच्या वायफायवरून थेट स्मार्ट टीव्हीवर. सॉफ्टवेअर फुकट, बाहेरचं नेट गेलं तरी चालतं. भारीच! पण संध्याकाळी मालिका लावणाऱ्या आजीचं काय? तिला चॅनेलचा नंबर पाठ असतो, पासवर्ड नाही. आपली सोय म्हणून तिला दर वेळी ‘बाळा, जरा लावून दे ना’ म्हणायला लावायचं? अरे, 2019 पासून चॅनेल सुटे निवडता येतात. तिचे दोन-तीन ठेवा, बाकीचे काढा. आणि लॅपटॉप जोडाच. लग्नाचा व्हिडीओ ती रोज बघेल!