कर्मचारी आरोग्य योजनेत ठरलेला चिकित्सक हवा

शासकीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा विचार आपल्याकडे रुग्णालयाच्या दारापासून सुरू होतो. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यकीय देखभाल नियमांवर ही व्यवस्था उभी राहिली. पुढे २००५ च्या शासन निर्णयाने खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी २७ आकस्मिक व ५ गंभीर आजारांची यादी ठरविली. हृदय-शस्त्रक्रियेला त्या यादीत स्थान मिळाले; परंतु ती वेळ येण्यापूर्वी वर्षानुवर्षे वाढत गेलेले मेद, अग्निमांद्य व रक्तदाब यांकडे लक्ष ठेवणाऱ्या जवळच्या चिकित्सकाची तरतूद मात्र झाली नाही.

या संदर्भात अमेरिकेतील एक प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. 'डायरेक्ट प्रायमरी केअर' या पद्धतीत रुग्ण एका चिकित्सकाकडे नाव नोंदवितो व चिकित्सकास दरमहा ठराविक शुल्क मिळते. प्रत्येक भेटीचे वेगळे बिल नाही, विम्याचा दावा नाही. रुग्णालयाच्या मोठ्या खर्चासाठी विमा असतोच. न्यू जर्सी राज्याने २०१६ मध्ये सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या योजनेत हा पर्याय प्रायोगिक स्वरूपात दिला. नेब्रास्काने २०१८ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांसाठी तसा कायदा केला. तेथे आयुर्वेदाला परवाना नाही, त्यामुळे वैद्यांचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. आमचे लक्ष आहे ते मोबदल्याच्या पद्धतीकडे.

प्रत्येक भेटीमागे पैसे मिळतात तेव्हा मोल येते ते औषधाच्या चिठ्ठीला. प्रकृतिपरीक्षण, दिनचर्या व पथ्यापथ्य यांसाठी दिलेला अर्धा तास हिशेबात कोठेच येत नाही. स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे आयुर्वेदाचे पहिले प्रयोजन; पण स्वस्थ माणूस बिल भरावयास येत नाही. मासिक शुल्काने नेमक्या याच कामाला मोबदला मिळू शकतो.

धोकेही स्पष्ट आहेत. कामगार विमा योजनेच्या पॅनेल पद्धतीत डॉक्टरांना नोंदलेल्या कामगारांच्या संख्येवर मोबदला मिळतो, हे आपणांस परिचित आहे. नावे भरपूर व वेळ थोडा, अशी ओढ अशा पद्धतीत मूळचीच असते. म्हणून एका वैद्याकडे किती कुटुंबे असावीत याची मर्यादा हवी, आणि कर्मचाऱ्यास दरवर्षी चिकित्सक बदलण्याची मुभा हवी.

दुसरा प्रश्न औषधांचा. तो आपल्या औषधविक्रेत्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा. अमेरिकेच्या २०२५ च्या संघीय कायद्याने या पद्धतीस आरोग्य बचत खात्याच्या नियमांत १ जानेवारी २०२६ पासून सवलत दिली. एका व्यक्तीसाठी शुल्काची मर्यादा दरमहा १५० डॉलर ठेविली आणि लसी वगळता चिठ्ठीवरील औषधे या सेवेबाहेर ठेविली. हे सूत्र आम्हांस योग्य वाटते. औषध शुल्कातच धरले तर स्वस्त किंवा कमी औषध देण्याचा मोह होईल. वेगळे धरून वैद्यानेच विकले तर अधिक देण्याचा. आपल्यापैकी अनेक जण स्वतः औषध देतात, हे जाणूनच आम्ही हे लिहीत आहोत. या योजनेपुरती तरी चिठ्ठी लेखी असावी व औषध कोठूनही घेण्याचे स्वातंत्र्य रुग्णास असावे.

आयुर्वेदास अशा योजनेत स्थान देणे ही नवी गोष्ट नव्हे. १९५४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या कर्मचारी आरोग्य योजनेत वेतनातून मासिक वर्गणी कापली जाते, आणि तिच्या दवाखान्यांत आयुर्वेदिक चिकित्साही मिळते. राज्याने एखाद्या जिल्ह्यात, केवळ इच्छुक कर्मचाऱ्यांसाठी, आयुर्वेद व आधुनिक वैद्यक या दोहोंतून निवड देणारा प्रयोग करून पाहावा, अशी मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे. त्यासाठी व्यवस्थित रुग्णनोंदी ठेवण्याची आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण वेळेवर पुढे पाठविण्याची तयारी प्रथम आपणच दाखविली पाहिजे. ती असेल, तरच ही मागणी हक्काने करता येईल.