एका ‘किंवा’चे राजकारण

२४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६अ रद्द केले, तेव्हा आनंद मानणाऱ्यांत आम्हीही होतो. पालघरची आठवण ताजी होती. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर चार शब्द लिहिणाऱ्या एका तरुणीला, आणि ते केवळ ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही, पोलिसांनी अटक केली होती. ‘त्रास’, ‘गैरसोय’ अशा सैल शब्दांवर तीन वर्षांचा तुरुंग उभा करणारे ते कलम. गैरसोय तर एस.टी. उशिरा आली तरी होते!

पण त्याच निकालपत्रात न्यायालयाने कलम ६९अ आणि त्याखालचे २००९चे नियम वैध ठरवले, याकडे आम्ही पुरेसे लक्ष दिले नाही. खरे पाणी तिथेच मुरत होते.

देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी इंटरनेटवरचा मजकूर रोखण्याचा अधिकार ६९अ केंद्र सरकारला देते. कारणे लेखी नोंदवावी लागतात. समिती आहे, सुनावणीही आहे. कागदावर सारे यथासांग. मात्र नियम ८ सांगतो, की नोटीस संबंधित ‘व्यक्ती किंवा मध्यस्थ’ यांना द्यावी. मध्यस्थ म्हणजे तो मजकूर वाहून नेणारी कंपनी. आम्ही वर्गात उभयान्वयी अव्यये शिकवतो. ‘आणि’ समुच्चयबोधक, ‘किंवा’ विकल्पबोधक, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. प्रश्न इतकाच, की हा विकल्प कोणाच्या हाती? अर्थातच सरकारच्या. कंपनीला कळवले की नियमाचे समाधान होते. लेखक सापडत असेल तर त्याचेही म्हणणे ऐकावे, असा अर्थ न्यायालयाने २०१५मध्ये लावला होता खरा. पण लेखकाच्या वाट्याला बहुधा येते ती ‘हा मजकूर भारतात रोखला आहे’ अशी कंपनीने लावलेली पाटी. आदेश मागायला जावे तर नियम १६ आडवा येतो: तक्रार आणि कारवाई यांबाबत कडक गोपनीयता. कारणे लिहायची, पण ज्याच्याविरुद्ध लिहिली त्याने ती वाचायची नाहीत. मग त्याने न्यायालयात खोडून काढायचे तरी काय?

१९०८ साल आठवते. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या ‘केसरी’तल्या लेखांसाठी टिळकांवर मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीतले सात विरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि पुढे मंडालेचा तुरुंग. न्याय झाला असे कोण म्हणेल? तरीही कोणते लेख, कोणते कलम, सरकारचा आक्षेप काय, हे टिळकांपुढे उघड होते. सरकारी भाषांतरात मराठी शब्दांचा विपर्यास झाला आहे, असे ते भर न्यायालयात सांगू शकले आणि कित्येक दिवस आपली बाजू मांडत राहिले. परक्या सरकारची तरफदारी करण्याची आम्हांला हौस नाही; पण आपल्या संविधानाखाली लिहिणाऱ्याला आपल्यावरचा आक्षेप वाचण्याचाही अधिकार नसावा, याची लाज वाटते.

अफवांचे काय, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअॅपवरील अफवेपायी जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. तसला मजकूर रोखायला आमचा मुळीच विरोध नाही. तातडी असेल तर आधी रोखा आणि मग ऐका. पण तो का रोखला हे लपवल्याने पुढचा राईनपाडा कसा टळतो, हे कोणी समजावून सांगेल काय?

सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार ६९अखाली २०१४मध्ये ४७१ आणि २०२२मध्ये ६,७७५ पत्ते रोखले गेले. त्यांत विखारी अफवा किती आणि मंत्र्यांना न रुचलेली टीका किती, हे पडताळण्याची सोय नागरिकाला नाही. कदाचित बहुतेक आदेश योग्यही असतील. तसे असेल तर ते दाखवायला संकोच कसला?

आमची मागणी मोठी नाही. नियम १६ रद्द करा. नियम ८मधल्या ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ लिहा. लेखक सापडत नसेल, तर त्याला कुठे शोधले हे आदेशात नमूद करा.