‘पण’च्या आधी कापू नका

कुठल्याही कॉलेजात कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ ग्रुपवर येतो. दीपप्रज्वलन, गुच्छ, टाळ्या, संथ गतीत हसणारी मुलं आणि वर सध्या चालू असलेलं एखादं गाणं. चाळीस सेकंदांत सगळं उरकतं. पाहुणे ओठ हलवताना दिसतात, पण काय बोलले ते ऐकूच येत नाही. व्याख्यानाच्या कार्यक्रमातलं व्याख्यान गाळायचं आणि गुच्छ तेवढा ठेवायचा, हे अजबच की!

ज्यांनी तो केला त्यांना एडिटिंग येत नाही असं नाही. ॲप त्यांच्या बोटांवर असतं. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं ते एवढंच, की काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं हेच खरं काम आहे. आणि ते काम आपल्या मंडळाच्या ओळखीचं आहे. निबंध लिहिताना चार वाक्यं खोडून एक ठेवतो तसंच. म्हणून माझं मत असं, की साधं व्हिडिओ एडिटिंग साहित्य मंडळानंच शिकवावं. कॉम्प्युटर विभागाची वाट बघू नये.

साधनांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. फोनवर इनशॉट किंवा व्हीएन, लॅपटॉप असेल तर क्लिपचॅम्प किंवा ओपनशॉट. यातलं कुठलंही एक घ्या. किनेमास्टरच्या फुकट आवृत्तीत कोपऱ्यात त्यांचं नाव उमटतं, तेवढं चालत असेल तर तेही घ्या. २९ जून २०२० रोजी सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात व्हिवाव्हिडिओ हे एडिटिंगचं ॲपही गेलं. त्यावर हात बसलेल्यांना दुसरं ॲप शिकावं लागलं आणि ते पटकन जमलंही, कारण कापणं, जोडणं, आवाज कमी-जास्त करणं, खाली अक्षरं देणं या चार गोष्टी सगळीकडे सारख्याच असतात. एक काळजी मात्र घ्या. तासाभराच्या चित्रणाला पाच-सहा जीबी सहज लागतात. जे साधन आधी सगळी फाइल इंटरनेटवर चढवायला लावतं, ते गावाकडच्या रेंजवर रात्रभर फिरत बसतं. फोनमधल्या फोनमध्ये काम करणारं साधन बरं.

आता मुद्द्याकडे येतो.

समजा, आमच्या बोरगावातली एक आजी तुमच्यासमोर बसलीय. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिनं उमेदीची वर्षं काढलीत. ती म्हणते, “काम लई कष्टाचं हुतं, पण हातात सवताचा पैसा यायचा.” हे एक वाक्य. ‘पण’च्या आधी कापलंत तर पडद्यावर एक पिचलेली बाई दिसेल. फक्त ‘पण’च्या पुढचं ठेवलंत तर वखारीचं कौतुक होईल. दोन्ही वेळा आवाज तिचाच, चेहरा तिचाच, शब्दही तिचेच. तरीही दोन्ही खोटं. तुमच्या व्हिडिओत साधारण सेकंदाला तीस चित्रं असतात. ‘पण’ म्हणायला अर्धा सेकंद धरा, म्हणजे पंधरा चित्रं. एवढ्याशा जागेत माणूस उलटा करता येतो.

ॲप यात तुम्हाला अडवणार नाही. उलट मदतच करेल. दोन वाक्यं जोडली की चेहरा मध्येच टुणकन उडी मारतो, म्हणून त्या जागी आपण हातांचं चित्र टाकतो, चुलीचं टाकतो, दारातल्या शेळीचं टाकतो. खालून आवाज सलग चालू राहतो आणि सांधा झाकला जातो. ही युक्ती शिकलीच पाहिजे, तिच्याशिवाय मुलाखत बघवत नाही. पण पहिल्या मिनिटातलं वाक्य चाळिसाव्या मिनिटातल्या वाक्याला जोडून नवाच अर्थ तयार करायची सोयही त्याच युक्तीत आहे. बातम्यांच्या क्लिपा पाहून चिडणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती एकदा स्वतःच्या हातानं करून पाहावी. मग कुठलीही क्लिप पाहताना डोळा आपोआप सांधा शोधायला लागतो.

निपाणीचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही. १९८० साली दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘युगांतर’ नावाचा फिल्म गट सुरू केला. त्यांनी निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर एक माहितीपट केला, तो १९८२ चा. लांबी जेमतेम पंचवीस मिनिटं. त्यासाठी हा गट चार महिने त्या बायकांमध्ये होता. त्यांचं ऐकत होता, संघटना कशी उभी राहते ते समजून घेत होता. तेव्हा चित्रण सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर व्हायचं. फिल्मच्या प्रत्येक मिनिटाला पैसे मोजावे लागायचे, म्हणून कॅमेरा चालू करण्याआधी ऐकून घेणं भागच होतं. आपलं बरोबर उलट झालंय. चित्रण फुकट, त्यामुळं आधी शूट करतो आणि ऐकतो कधीच नाही.

तो माहितीपट टिकला, अलीकडे तो डिजिटल रूपात जतनही झाला, म्हणून निपाणीच्या त्या बायका आजही बोलताना दिसतात. जिथं कुणी कॅमेरा घेऊन गेलं नाही तिथलं काय? निपाणीचं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन १९८१ चं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर बसले होते. तेव्हा वीस वर्षांचा असलेला माणूस आज साठी ओलांडून पुढं गेलाय. तो कट्ट्यावर बसलेला असतो आणि शेजारी त्याचा नातू फोनमध्ये मान घालून बसलेला असतो. त्या दोघांमध्ये अंतर दोन हातांचं. नातवाकडं सगळी सामग्री आहे, फक्त ती आजोबांकडं वळवायचं त्याला कुणी सुचवलेलं नाही.

सुचवायचं असेल तर कृतीही नीट सांगायला हवी. ॲप उघडण्याआधी वही उघडा. चित्रण एकदा संपूर्ण ऐका आणि कुठल्या मिनिटाला माणूस काय बोलला ते लिहून काढा. कंटाळवाणं आहे, पण इथंच अर्धं एडिटिंग होतं. मग वहीवर खुणा करा आणि तेवढंच कापा. कापताना वाक्य संपल्यावरचा श्वास राहू द्या. माणूस बोलून गप्प होतो, खाली बघतो, तो क्षण तर अजिबात काढू नका. ॲपला ती रिकामी जागा वाटते. काही ॲपमध्ये तर गप्प राहिलेल्या जागा आपोआप गाळायची सोय असते. ती पहिल्यांदा बंद करा. चित्रण संपल्यावर कुणीही न बोलता त्या जागेचा अर्धा मिनिट नुसता आवाज भरून घ्या. पंखा, कोंबड्या, लांबचा ट्रॅक्टर, जे असेल ते. सांध्यांखाली तो पसरला की आवाज तुटल्यासारखा वाटत नाही आणि गाण्याची गरजच उरत नाही.

खालच्या अक्षरांवरून मंडळात भांडण होणार हे मला आत्ताच दिसतंय. बोरगावचं बोलणं सरळ नाही. दुधगंगेच्या काठाला राहायचं, राज्य कर्नाटक, बाजाराला इचलकरंजी, पाट्या कन्नडमध्ये आणि घरात मराठी, असं सगळं. “काय करालाईस?” असं आम्ही विचारतो. कन्नड शब्द मध्ये कधी येऊन बसतो ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. फोन आपोआप अक्षरं उमटवतो तेव्हा या बोलीवर तो हमखास अडखळतो आणि भलतंच काहीतरी लिहून मोकळा होतो. ते हातानं सुधारावं लागतं. पण सुधारताना “काय करत आहेस?” असं पुस्तकी करून टाकू नये, असं मला ठामपणे वाटतं. कान एक ऐकतो आणि डोळा दुसरंच वाचतो, मग बोलणाऱ्याला आपलं बोलणं अशुद्ध असल्यासारखं वाटायला लागतं. कन्नड शब्दही तसाच देवनागरीत ठेवावा. फार अडलं तर अर्थ खाली बारीक अक्षरांत द्यावा.

‘साहित्य मंडळात हे कशाला?’ असं विचारणारे भेटतीलच. आपल्यासारख्या कॉलेजात त्यांना फादर स्टीफन्सची आठवण करून द्यायला हरकत नाही. या इंग्रज जेसुइटानं १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत, कारण इथली माणसं पुराण ऐकायला बसत होती. त्याची पहिली छपाई तर रोमन लिपीत झाली. लोक ज्या रूपात ऐकतात ते रूप त्यानं आधी शिकून घेतलं आणि मग त्यात लिहिलं.

दुसरी शंका जास्त खरी आहे: तीन मिनिटं एका म्हातारीला कोण बघणार? फार जण नाही बघणार. तीस सेकंदांच्या नाचाला मिळतात तेवढे लाइक मिळणार नाहीत, हे आधीच धरून चालावं. तिच्या घरचे बघतील, गल्लीतले बघतील, पुण्या-मुंबईला गेलेला तिचा भाचा दोनदा बघेल. मला एवढं पुरे वाटतं. ज्यांना पुरे वाटत नाही त्यांनी नाचाचे व्हिडिओ करावेत, तेही वाईट नसतात.

तर यंदा कथाकथन स्पर्धेच्या जोडीला तीन मिनिटांची एक व्हिडिओ स्पर्धा ठेवावी. आपल्या गावातलं एक माणूस आणि त्याचं काम, एवढाच विषय. वरून गाणं नको. ॲपमधले तयार साचे नकोत. परीक्षकांकडं व्हिडिओसोबत लिहून काढलेली वहीही द्यायची, म्हणजे काय ठेवलं आणि काय सोडलं हे त्यांना ताडून बघता येईल. आणि एक अट अशी, की तयार झालेला व्हिडिओ पहिल्यांदा बोलणाऱ्या माणसाला दाखवायचा. तो कुठल्या जागेवर “हे नको” म्हणाला तर तेवढं काढायचं, वाद घालायचा नाही. विशेषतः बायका घरातलं काही बोलून जातात आणि मग ते गावभर स्टेटसवर फिरतं. तिनं सगळंच नको म्हटलं तर ती फाइल स्पर्धेत येणार नाही, पण फोनमधून उडवायचीही नाही. तिला विचारून, तिचं नाव, गाव आणि तारीख लिहून न कापलेलं चित्रण एका पेनड्राइव्हवर तिच्याच घरी ठेवून यायचं.