ग्राफच्या कडेवरची तारीख

गेल्या महिन्यात आमच्या घरी आठ-दहा दिवस रात्री अकरापर्यंत दिवा जळत होता, आणि परीक्षा तर कुणाचीच नव्हती. माझी मुलगी संगणकाच्या डिप्लोमाला आहे. तिच्याच कॉलेजात तिची शाळेपासूनची मैत्रीण कापडावरच्या नक्षीकामाचं, म्हणजे टेक्स्टाइल डिझाइनचं शिक्षण घेते. दोघी सातवीपर्यंत माझ्या वर्गात होत्या. मैत्रिणीला एका कंपनीत सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी अर्ज करायचा होता. अर्जात नाव, गुण, पत्ता यांच्याखाली एक रकाना होता: पोर्टफोलिओची लिंक. चित्रांनी भरलेली जाडजूड फाइल तिच्याकडे होती, लिंक नव्हती. "तू कॉम्प्युटरवाली ना, मग करून दे," असं म्हणून तिनं काम सोपवलं. मोबदला ठरला, ईदच्या दुपट्ट्यावर हातानं काढलेली वेलबुट्टी.

पोर्टफोलिओ म्हणजे आपल्या कामाचे निवडक नमुने. चादरीचा दुकानदार गठ्ठा बाजूला ठेवून चार घड्या उलगडून दाखवतो ना, तसं. वेबसाइटवर ते मांडलं की मुंबईतला माणूसही बघू शकतो.

माझ्या मुलीनं पहिल्या झटक्यात जे केलं ते बघून मला लग्नाचा मंडप आठवला. काळी पार्श्वभूमी, उडत येणारी अक्षरं, गिरक्या घेणारी चित्रं. तिच्या लॅपटॉपवर झकास दिसायचं. मैत्रिणीच्या अब्बांनी आपल्या साध्या फोनवर उघडलं, तर पाच मिनिटं नुसतं गोल चक्र फिरत राहिलं. कारण साधं होतं. मोबाइलनं काढलेले वीस फोटो, प्रत्येक चार-पाच एमबीचा, जसेच्या तसे चढवलेले. मग बाईंनी मंडप उतरवला. पांढरी पार्श्वभूमी, एकाखाली एक चित्रं, प्रत्येक फोटो दोनशे केबीच्या आत. आधी मोबाइलच्या अरुंद पडद्यावर नीट दिसेल असं लिहायचं, मग मोठ्या पडद्याचं बघायचं, हे तिला वर्गात शिकवलेलं होतंच. पटलं त्या दिवशी.

तुमच्या घरात कुणी हे करणार असेल तर खर्चाची भीती बाळगू नका. पानाचा सांगाडा एचटीएमएलमध्ये, रंगरूप सीएसएसमध्ये, आणि एवढं साधं पान गिटहबसारख्या ठिकाणी फुकट ठेवता येतं. फक्त पत्त्यात त्यांचं नाव येतं. स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असेल तर दर वर्षी पैसे भरावे लागतात. विद्यार्थ्याला त्याची घाई नसावी, असं माझं मत.

मैत्रिणीला आपलं नाव इंग्रजी, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही लिपींत हवं होतं, खाली दोन ओळी परिचय. मराठी सरळ आलं. उर्दू मजकूर तिनं जुन्या इनपेजच्या फाइलमधून उचलला होता, तो पानावर चिन्हांचा कचरा होऊन उतरला. इनपेजच्या जुन्या आवृत्त्या अक्षरं आपल्याच सांकेतिक पद्धतीनं साठवत. ती युनिकोडमध्ये नव्हती, म्हणून ब्राउझरला कळत नाहीत. शाळेच्या प्रश्नपत्रिकांत मी हे खूप भोगलंय. म्हणून सगळं पुन्हा टाइप केलं. तरी वाक्याचा पूर्णविराम भलत्याच टोकाला जाऊन बसे. हा मजकूर उर्दू आहे आणि उजवीकडून डावीकडे जातो, हे पानाला वेगळं सांगावं लागतं. ते सांगितलं. मग नस्तालिकचे नुक्ते वरून कापले जाऊ लागले, कारण नस्तालिक उतरत्या चालीनं लिहिली जाते, तिला देवनागरीपेक्षा उंच ओळ लागते. "ओळींमधलं अंतर वाढव," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मुलीच्या प्रोग्राममधली चूक काढली. चहा मला तिनं करून दिला.

फोटो टाकायचा की नाही, यावर मैत्रिणीच्या घरी बरीच चर्चा झाली. अम्मींना नको होता, भावाला चालत होता. शेवटी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "माझं काम दिसू दे, चेहऱ्याचं काय काम?" प्रश्न मिटला. फोन नंबरचं मात्र आमच्याकडून चुकलं. तिच्या बायोडेटाच्या फाइलमध्ये नंबर आणि घराचा पत्ता होता, आणि ती फाइल माझ्या मुलीनं तशीच चढवली. दुसऱ्या दिवशी लक्षात आल्यावर काढून टाकली आणि निर्धास्त झाली. पण तिथं प्रत्येक बदलाची नोंद राहते. खातं सर्वांना खुलं असेल, तर काढलेली फाइलही जुन्या नोंदींत शोधणाऱ्याला सापडते. तिला हे दोन दिवसांनी कळलं. सगळं पुसून नव्यानं मांडावं लागलं. आता तिथं फक्त या कामासाठी उघडलेला एक ईमेल आहे. दुसऱ्याची माहिती ही अमानत आहे, हे मी वर्गात किती वेळा बोलले असेन. माझ्याच घरात ती दोन दिवस रस्त्यावर पडली होती.

आता मूळ गोष्ट. चित्रांमध्ये एका चादरीचा ग्राफ होता, मोर आणि कमानीचा, सगळ्यांत देखणा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डवर विणतात. आधी ती चौकटीच्या कागदावर एकेक खाना भरून काढायची, मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. फ्रान्सच्या जकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र बसवलं, आणि पुढं इंग्लंडच्या बॅबेजनं आपल्या गणितयंत्रासाठी तीच कार्डांची कल्पना घेतली. म्हणजे या दोन मुलींचे अभ्यासक्रम मागं कुठंतरी एकमेकांचे नातलग निघतात. मैत्रिणीचे अब्बा पूर्व भागातल्या कारखान्यांसाठी असे ग्राफ काढायचे. संगणकावर नक्षी होऊ लागली तसं ते काम आटलं.

फोटोच्या कडा कापताना माझ्या मुलीला कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेली तारीख दिसली. साल २००८. त्या वर्षी या दोघी जेमतेम तीन-चार वर्षांच्या. चित्राखाली मात्र मैत्रिणीनं लिहून पाठवलं होतं, "माझी रचना."

मुलगी फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "अम्मी, कड कापली की तारीख जाते. कापू?" मी भाकरी थापत होते. "तिला विचार," एवढंच म्हटलं. "ती रागावली तर? अर्जाला तीनच दिवस राहिलेत." मी म्हटलं, "पान तू बांधतेयस. तुझ्या हातानं कापलंस तर ते तुझंही खोटं."

मैत्रीण रागावली नाही, पण दोन दिवस तिचा फोन आला नाही. अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला, आणि माझी मुलगी मला टाळू लागली. दुपारी मैत्रीण स्वतःच घरी आली. म्हणाली, "टीचर, अब्बाच म्हणाले होते, टाक, माझं ते तुझंच आहे." ती खोटं बोलत नव्हती. बापानं खरोखरच दिलं होतं, घर द्यावं तसं. पण प्रशिक्षण देणारा हातातली कसब बघणार, वारसा नाही. मी तिला विचारलं, यात तुझं काय आहे? ती म्हणाली, रंग. जुना ग्राफ संगणकावर घेऊन तिनं चार नव्या रंगसंगती बसवल्या होत्या, आणि त्या खरंच चांगल्या होत्या. त्याच त्या चित्राखाली आल्या. वर ओळ आली: "ग्राफ: अब्बांचा, २००८. रंगसंगती: माझी." कड कापली नाही. संध्याकाळी अर्ज गेला. उत्तर अजून आलेलं नाही.

ग्राफखाली आपलं नाव छापलेलं अब्बांनी फोनवर पाहिलं, तेव्हा दोघी शेजारी बसल्या होत्या. दोन बोटांनी त्यांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, चष्मा कपाळावर सारून फोन डोळ्यांजवळ नेला. मग मोराच्या पिसाऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ये एक खाना गलत भरा गया, बेटा."

माझ्या मुलीनं विचारलं, "चाचा, दुरुस्त करू?"

"अब क्या," ते म्हणाले. "चादर तो बिक गई."